झाकण दाबून धरताना

कपडे धुऊन झाले, पाणी उतरलं आणि मशीन गप्प बसलं. ड्रममध्ये पोराची सगळी दुपटी ओलीगच्च. झाकण दोन-तीनदा आपटून पाहिलं, पण नेहमीचा ‘टिक’ आवाज काही येईना. मेकॅनिकला फोन लावला.

“झाकणाचा स्विच गेलाय, ताई. मशीनला वाटतं झाकण उघडंच आहे, म्हणून पिळायला फिरत नाही. पार्ट शुक्रवारी येईल. घाई असेल तर प्लग काढून वरची पट्टी खोला नि स्विचच्या दोन वायरी जोडून टाका. मग झाकण उघडं असलं तरी फिरेल.”

“उघडं असलं तरी?”

“हो. फक्त हात घालायचा नाही.”

नवरा कामासाठी परगावी. तो फोनवर म्हणाला, “टाक की जोडून. तो एवढासा, झाकण कुठून उघडणार?”

“तू महिनाभर पाहिलं नाहीयेस त्याला.”

तरी प्लग काढून पट्टी खोलली. वायरी समोरच होत्या, सोपं होतं. तेवढ्यात फरशीवर काहीतरी खरडलं. पोराने बादली आणून उपडी घातली होती. तिच्यावर चढून, झाकण डोक्याने उचलून, तो खांद्यापर्यंत हात घालून दुपटं ओढत होता. त्याला खाली उतरवलं आणि पट्टी होती तशी लावून टाकली.

मग लक्षात आलं, झाकणाचा उजवा कोपरा जोर लावून दाबला की टिक होतंय. हात काढला की मशीन थांबतं. दाबून उभी राहिले.

“घे,” पोर पायाशी. उचललं, मशीन थांबलं. खाली ठेवलं, त्याने भोकाड पसरलं. शेवटी तो डाव्या कडेवर आणि झाकणावर माझं उजवं कोपर. मशीनबरोबर त्याचे गाल थरथरायला लागले, तशी स्वारी खूश. माझा खांदा भरून आला. एवढी मोठी इमारत, पण ‘जरा हे धरा हो’ म्हणून हाक मारावी असं एकही दार आठवेना.

दुपटी निघाल्यावर नवऱ्याला सांगितलं.

“वायरी नाही जोडल्या. दाबून उभी राहिले.”

“आणि तो?”

“कडेवर.”

मग म्हणाला, “अजून राहिलंय काही?”

“चादरी.”

“मला स्पीकरवर ठेव. होईपर्यंत बोलतो.”

“या घरघरीत काय कप्पाळ ऐकू येणार?”

“नको येऊ दे.”

चादरी धुऊन पिळायची वेळ आली, तेव्हा फोन फळीवर ठेवून मी कोपरा दाबला. तो काय बोलत होता, एक अक्षर कळलं नाही. मी मधूनमधून “हं” म्हणत राहिले.