भिंती पांढऱ्याच होत्या

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे रंगताई म्हणायचे. डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचं माप यायचं, कोणी त्यावरून साचा करायचं, कोणी घासून गुळगुळीत करायचं, पण कॅपला खऱ्या दाताचा रंग द्यायचं काम रंगताईचं. पांढरा हा काही एक रंग नव्हे. हिरडीपाशी तो किंचित मातकट असतो, मध्ये सायीसारखा, टोकाला पाणी मिसळल्यासारखा निळसर. बारीक कुंचल्यानं ती पोर्सेलिनचा लेप द्यायची, भट्टीत भाजायची, बाहेर काढून निरखायची, पुन्हा लेप द्यायची. पेशंटच्या दातांचा फोटो शेजारच्या कम्प्युटरवर मोठा करून ठेवलेला असायचा. तिनं केलेला दात ओळीत बसला की कोणता आपला आणि कोणता लॅबचा, हे पेशंटला जिभेनं चाचपूनच ठरवावं लागायचं.

म्हणून एका गायिकेचा पुढचा दात परत आला, तेव्हा लॅबमध्ये कोणाचा विश्वास बसेना.

लॅबचे मालक स्वतः डबी घेऊन तिच्या टेबलापाशी आले. त्यांना सगळे सर म्हणत.

"डॉक्टर म्हणतात, रंग फार पिवळा झालाय," ते हळू आवाजात म्हणाले. "मोत्यांच्या माळेत मक्याचा दाणा ओवल्यासारखा दिसतो म्हणे."

"सर, फोटो बघूनच केलाय."

"माहितेय मला. होतं कधीकधी. पुन्हा कर."

तिनं फोटो पुन्हा उघडला. नवीन मोठा स्क्रीन नुकताच आला होता, त्यावर ती गायिकेची सगळी दंतपंक्ती हातभर पसरली. दात पिवळसरच दिसत होते. तिनं हातातली कॅप स्क्रीनशेजारी धरली. रंग तंतोतंत जुळत होता. आता याहून वेगळं काय करायचं? तरी डॉक्टरांच्या शब्दाला मान देऊन तिनं दुसऱ्या खेपेला रंग थोडा उतरवला. तीही कॅप परत आली.

या वेळी सर टेबलापाशी आले नाहीत. त्यांनी तिला आत बोलावलं, बसायला सांगितलं, आणि टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडून तिकडे सरकवत म्हणाले, "थोडे दिवस तू मागच्या दाढांची कामं बघ. पुढचे दात मी बाहेरून करून घेतो."

मागच्या दाढा कोणाला दिसत नाहीत. जांभई देणाऱ्या माणसासमोर उभं राहिलं तरच दिसायच्या. रंगताईनं मान डोलावली आणि ती बाहेर आली.

"आणि एक," सरांनी मागून हाक मारली, "एकदा डोळे तपासून घेशील का? माझेही मी घेतोच आहे तपासून. वय कोणाला सोडतं."

त्यांनी ते इतक्या सांभाळून म्हटलं, की तिला राग धरायलाही जागा उरली नाही.

खरं म्हणजे ही भीती तिच्या मनात आधीच येऊन बसली होती. तिच्या आईला मोतीबिंदू झाला होता, तेव्हा आई धुतलेल्या चादरी पुन्हा भिजत घालायची. "पिवळ्या राहिल्यात," म्हणायची. घरातले हसायचे, रंगताईही हसायची. आता त्या हसण्याची तिला लाज वाटत होती. घरी ती रोज बेसिनपाशी उभी राहून साबणाचा फेस निरखायची. दूध बघायची, नवऱ्याचा शर्ट बघायची. सगळं पांढरं दिसायचं. मग लॅबमध्ये फोटो उघडला की तोच पिवळेपणा. आपले डोळे घरी एक आणि कामावर एक कसे वागतील, हा साधा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण घाबरलेलं माणूस प्रश्न विचारत नाही, उत्तर गृहीत धरतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती एकटीच गेली. त्यांनी थेंब घातले, दिवा मारून आत डोकावून बघितलं, रंगीत ठिपक्यांची पानं वाचायला लावली.

"मोतीबिंदू नाही. रंगही तुम्हाला चांगले ओळखता येतात," डॉक्टर म्हणाले. "जवळचा नंबर थोडा वाढलाय, बस."

कोणालाही आनंद व्हावा अशी बातमी. पण तिला नवीच धास्ती पडली. डोळे धड आहेत, म्हणजे हातातलीच कला गेली की काय?

त्याच आठवड्यात दादाचे फोटो आले. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. तो, वहिनी आणि बाबा दुसऱ्या शहरात जुन्या घरात राहत. घराला नुकताच रंग दिला होता आणि दादानं उत्साहाच्या भरात खोलीखोलीचे फोटो काढून मेल केले होते. रंगताईचा फोन म्हातारा झाला होता, दोनपेक्षा जास्त फोटो दिसले की धापा टाकायचा. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिनं ते लॅबच्या कम्प्युटरवर उतरवून उघडले. दार, खिडक्या, जिना, आणि एका फोटोत नव्या भिंतीला टेकून खुर्चीत बसलेले बाबा.

तिनं फोन लावला. बाबांनीच उचलला.

"बाबा, घर छान झालंय. पण पिवळा रंग का दिलात?"

"पिवळा? अगं, पांढरा दिलाय. पांढराशुभ्र. तुझी वहिनी तर म्हणते, आता हात धुतल्याशिवाय भिंतीकडे बघायचंसुद्धा नाही."

"नक्की पांढरा?"

"मी इथेच बसलोय पोरी, भिंतीला नाक लावून. तुझ्या कम्प्युटरला वैद्याकडे ने."

ती हसली, पण मनातून चमकली. भिंत पांढरी आहे. डोळे ठीक आहेत. तरी फोटो पिवळा दिसतो. मग राहिलं कोण?

"तुमची तब्येत बरी ना?" तिनं सवयीनं विचारलं.

"बरी. या रंगाच्या वासानं जेवण जात नाही एवढंच. आणि घासलेल्या भिंतींच्या धुळीनं अंगाला खाज सुटलीय. जाईल."

ती सरळ सरांच्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या बाई आल्या. लॅबचे कम्प्युटर त्याच बघायच्या. यंत्राशी त्या लहान मुलाशी बोलावं तशा बोलायच्या आणि माणसांशी मात्र मोजकं.

त्यांनी आधी स्क्रीनची केबल बदलली. फरक पडला नाही. स्क्रीनची बटणं दाबून रंग मूळ जागी आणले. नाही. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून संध्याकाळी उजेड पिवळसर करायची सोय असते, ती चालू आहे का बघितलं. ती बंदच होती. कम्प्युटर बंद करून चालू केला.

"स्क्रीन गेलाय," बाई शेवटी म्हणाल्या. "नवाच आहे ना? बदलून मिळेल."

रंगताई इतका वेळ मागे उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "बाई, एक सांगू? फोटोभोवतीची ही पट्टी बघा. ती पांढरी आहे. पांढऱ्या पट्टीच्या आत पांढरी भिंत पिवळी. स्क्रीन गेला असता तर पट्टी पण पिवळी नसती झाली?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"आणि फोल्डरमध्ये फोटो बारीक दिसतात तेव्हा ठीक असतात," रंगताई म्हणाली. "उघडला की पिवळा होतो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, मलाच तसं दिसतंय."

बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि तोच फोटो इंटरनेटच्या खिडकीत उघडला. भिंत पांढरी झाली. पुन्हा फोटो बघायच्या प्रोग्राममध्ये उघडला. पिवळी. मग त्यांनी त्या पिवळ्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून आपल्या फोनवर पाठवला. फोनवरही तो पिवळाच दिसला.

"स्क्रीन बिचारा निर्दोष आहे," बाई म्हणाल्या. "हा प्रोग्रामच फोटोत पिवळं कालवतोय. आता का कालवतोय ते बघू."

त्यांनी सेटिंगमध्ये खोल शिरून रंगांचं पान उघडलं. नवा स्क्रीन जोडल्यावर त्याच्या नावाची एक फाइल आपोआप येऊन बसली होती. हा स्क्रीन कोणता रंग कसा दाखवतो, याची माहिती त्या फाइलमध्ये असते.

"समजा, कोणी तुम्हाला सांगितलं, की अमक्या माणसाला सगळं निळसर दिसतं," बाई माउस हलवता हलवता म्हणाल्या. "तुम्ही भल्या मनानं त्याच्यासाठी प्रत्येक चित्रात थोडं पिवळं घालाल. पण त्याला निळसर दिसतच नसेल तर? ही फाइल स्क्रीनबद्दल खोटं सांगतेय. बाकीचे प्रोग्राम तिला विचारतच नाहीत, म्हणून ते वाचले. हा एकटा तिच्या शब्दावर चालतो."

त्यांनी ती फाइल काढून टाकली, तिच्या जागी सगळीकडे चालते ती नेहमीची फाइल लावली, प्रोग्राम बंद करून उघडला. गायिकेचे दात समोर आले. सायीसारखे मध्ये, टोकाला निळसर. ज्या दातांनी तिची झोप उडवली होती, ते इतके साधे होते.

सर दारात उभे होते. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"ताई, चुकलं माझं," ते म्हणाले. "आधी यंत्र तपासायला हवं होतं. मी माणूस तपासला."

"मी पण तेच केलं, सर," ती म्हणाली.

बाई आवराआवर करत होत्या. जाता जाता म्हणाल्या, "आणखी दोन-चार फोटो उघडून बघा. सगळे नीट दिसतायत ना?"

म्हणून तिनं घराचे फोटो उघडले. दार, खिडक्या, जिना, सगळं नीट होतं. भिंती खरंच पांढऱ्याशुभ्र होत्या, दादानं पैसा वसूल केला होता. मग बाबांचा फोटो आला. भिंत पांढरी, बाबांचा सदरा पांढरा, आणि त्या पांढऱ्यामध्ये बाबांचा चेहरा फिक्या हळदीसारखा.

तिला वाटलं, दोष पूर्ण गेला नाही. तिनं फोटो मोठा केला. सदऱ्याची कॉलर पांढरी. भिंत पांढरी. मग नुसते बाबांचे डोळे मोठे करून बघितले. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा होता.

आयुष्यभर पांढऱ्यातले फरक ओळखून पोट भरलेली बाई ती. तिला दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नव्हती. तिनं दादाला फोन लावला.

"दादा, बाबा कुठे आहेत?"

"झोपलेत. हल्ली दिवसा फार झोपतात. का गं?"

"त्यांना उठव, खिडकीपाशी ने आणि डोळे बघ. खालची पापणी ओढून बघ. मी फोन चालू ठेवते."

"अगं, काल बाबाच सांगत होते, तुझा कम्प्युटर बिघडलाय म्हणून."

"तो आता सुधारलाय. म्हणूनच म्हणते. जा ना."

पावलांचा आवाज, पडदा सरकल्याचा आवाज, बाबांची कुरकुर. मग दादाचा आवाज आला, पण तो दादाच्या नेहमीच्या आवाजासारखा नव्हता.

"गाडी काढतो," तो म्हणाला.

रंगताई दवाखान्यात पोचली तेव्हा तपासण्या झाल्या होत्या. पित्ताशयातला एक खडा घरंगळून नळीत अडकला होता आणि पित्त रक्तात उतरत होतं. ताप चढायला लागला होता. आणखी उशीर झाला असता तर जंतू सगळ्या अंगात पसरले असते, असं डॉक्टर म्हणाले. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी खडा काढला. तो दिवस दादा आणि ती बाकावर शेजारी शेजारी बसून होते. वहिनी चहा आणायची आणि न प्यायलेले कप परत न्यायची.

बाबा शुद्धीवर येऊन पाणी मागू लागल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला. दादा मात्र खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. ती त्याच्या मागे गेली.

"रोज त्यांच्यासमोर बसून जेवतो मी," तो म्हणाला. "रोज तोंड बघतो. आणि कळलं कोणाला, तर परगावी राहणाऱ्या तुला. लोक काय म्हणतील ते जाऊ दे, मलाच काय वाटत असेल."

"रोज बघणाऱ्याला नाही दिसत दादा. थोडं थोडं होत जातं ना ते. मला एकदम दिसलं."

"तरी पण."

"आणि लगेच गाडी कोणी काढली? त्यांना जिन्यावरून उचलून कोणी खाली आणलं? मी तिकडून फक्त बोंब मारली."

दादाचे खांदे जरा सैल झाले.

चार दिवसांनी बाबांच्या डोळ्यांतला रंग उतरायला लागला. त्यांनी आरसा मागितला, गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे काय जंगल माजू दिलंत. भेटायला लोक येतात."

दादानं फेस केला आणि तो त्यांच्या गालांवर लावला. लहानपणापासून त्यानं बाबांना दाढी करताना बघितलं होतं, पण त्यांची दाढी करायची वेळ कधी आली नव्हती. त्यानं वस्तरा गालाशी नेला आणि पुन्हा मागे घेतला.

"घाबरू नकोस," बाबा डोळे मिटून म्हणाले. "नाक तेवढं ठेव."

रंगताई पाण्याचं भांडं धरून उभी राहिली. दादानं पहिला पट्टा ओढला, वस्तरा पाण्यात बुडवला आणि बाबांची हनुवटी बोटांनी हलकेच वर केली.