ठसक्याची जागा

“आरोहीनं दोनदा इचारलं, आज्जी, वाचून दाखवू काय? म्या म्हटलं, हात लावू नगंस. केशवण्णा येतील, तेच वाचतील,” असं म्हणत शालूबाईंनी बोरगावच्या आपल्या घरी प्रकाशकांकडून आलेलं पुस्तक केशवच्या पुढ्यात सरकवलं आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला.

केशवला ते पुस्तक नवं नव्हतं. थोर कथाकार नानासाहेब मुचंडीकरांच्या पत्रांची ही वाढीव आवृत्ती त्याने आठवड्यापूर्वीच बेळगावात विकत घेतली होती. तिथंच टिळकवाडीत आपल्या लेकीच्या घरी गॅलरीत बसून सहज चाळताना एका पानावर त्याचा हात थांबला. ‘शालूबाई, बोरगाव यांस.’ वाचकांकडची पत्रं पाठवा, असं प्रकाशकांनी आवाहन केलं होतं. शालूबाईंच्या नातीनं, आरोहीनं, ट्रंकेतल्या पत्राचा फोटो पाठवून दिला होता. नानासाहेबांचं ते गिचमिड अक्षर आजवर केशवखेरीज कुणाला लागलं नव्हतं. आता ते स्वच्छ छापून आलं होतं. सगळंच्या सगळं.

चाळीस वर्षांपूर्वी केशव निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत कारकून होता. दुपारच्या सुट्टीत तंबाखू चाळणाऱ्या बायका भाकरी सोडत आणि तो त्यांना नानासाहेबांच्या कथा वाचून दाखवी. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस, पण पुस्तक हातात असलं की त्याचा आवाज सुटे. एकदा कथेतली एक बाई शेवटी विहीर जवळ करते, तेव्हा शालूबाई भडकल्या. “एवढं सोसल्याली बाई अशी मरत न्हाय. लिवा त्यास्नी.” त्या सांगत गेल्या, केशव लिहीत गेला. महिन्याभरात उत्तर आलं. ते त्यानं वखारीतच सगळ्यांसमोर वाचलं, फक्त शेवटच्या काही ओळी सोडून.

“वाचा की. का चष्मा इसारलासा?”

“आणलाय, आक्का.”

त्यानं घसा साफ केला. “शालूबाई, तुमचा राग रास्त आहे. त्या बाईला मी उगाच मारलं. दमलो होतो, कथा संपवायची घाई झाली होती.”

“बगा. कबूल केलंनीत.” शालूबाई खुशीत हसल्या.

पुढच्या ओळी आल्या. पुन्हा गाळल्या असत्या तरी आज कळलं नसतं. पण पुस्तक आता घरात राहणार होतं, आणि आरोही संध्याकाळी कॉलेजातून येणार होती. केशव खाली बघूनच वाचू लागला.

“तुमचं पत्र ज्यानं लिहून दिलं, त्याला माझा निरोप सांगा. राग तुमचा आहे, पण वाक्यं त्याची आहेत. अशी वाक्यं मला अजून जमत नाहीत. त्यानं स्वतःचं काही लिहावं. मी वाट पाहीन.”

शालूबाईंचे हात थांबले. सुपातली एक पाकळी त्यांनी उगाच इकडची तिकडं केली.

“तवाबी हितंच थांबलातासा,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तंबाखूचा ठसका लागला.”

“लाज वाटली, आक्का. तुम्ही सगळ्याजणी रोज इचारला असता, लिवलं काय म्हणून.”

“इचारलंच असतं. सोडलं असतं व्हय?” मग हलक्या आवाजात, “निरोप मला दिलता त्यांनी. माझ्याकडनं जायचा हुता तो.”

नानासाहेब जाऊन वीस वर्षं झाली होती.

“मग? लिवलासा काय कवा?”

“वह्या आणल्या. लई आणल्या. पयल्या पानाच्या म्होरं गेलो न्हाय.”

बाहेर कुणाची तरी दुचाकी फुरफुरत गेली. शालूबाईंनी पदरानं हात पुसले, सूप बाजूला सारलं आणि वखारीत बसत तशा मांडी घालून, भिंतीला टेकून बसल्या.

“तेवढंच परत वाचा. आता मी निरोप सांगतोय असं समजा.”

केशवनं चष्मा काढला. काचा पुसायला म्हणून तो धोतराचा सोगा शोधू लागला, आणि पुस्तक मांडीवर आपोआप मिटलं. ते त्यानं पुन्हा उघडलं नाही. मिटल्या पुस्तकावर हात ठेवून, एकही शब्द न अडखळता, त्यानं तो निरोप पहिल्यापासून म्हणून दाखवला.