नमस्कार केल्यावरच दिसणारा चेहरा

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी चपला-बुटांचा खच, आत तातामीच्या चटयांवर दाटीने बसलेली माणसं, आपली आणि जपानीही. त्सुनामीला दोन वर्षं झाली होती. ज्यांची माणसं सापडलीच नाहीत, ते बिचारे कुणावरही विश्वास ठेवायला तयार होते.

पुढे बुटक्या चौरंगावर एक जुनं छापचित्र आडवं ठेवलं होतं. भुताखेतांची चित्रं काढण्यात हातखंडा असलेल्या कुणा जपानी चित्रकाराने लाकडी ठशांनी छापलेला काळाकुट्ट समुद्र. हॉलमधले दिवे बंद, उजेड फक्त चौरंगापलीकडच्या समईचा. नीलकंठबुवा पूर्वी जुन्या वस्तूंची दलाली करायचे, आता आत्म्यांची 'फ्रीक्वेन्सी' जुळवून देत.

"आधी डोकं टेका. अहंकार वाकला की आपलं माणूस दिसतं. शंकेखोराला नुसतं काळं पाणीच दिसणार."

वृंदाला काळं पाणीच दिसत होतं. आठवडाभर संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत जुनी चित्रं तपासत मान मोडून काम केल्यावर इथे यायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण मैत्रिणीसाठी, संपदासाठी आली. संपदाचा नवरा राजस कामासाठी किनाऱ्यावर गेला आणि लाटेत गेला. सात वर्षांची आर्या पुण्याला आजी-आजोबांकडे, आणि ही इथेच. ती परतली तर राजसचा आत्मा वाट चुकेल, असं बुवांनी तिच्या डोक्यात भरवलं होतं. काल तर आर्याने आईचा फोन घ्यायलाच नकार दिला.

संपदाने डोकं टेकलं, मान उचलता उचलता हुंदका दिला. राजस दिसला म्हणाली. समजूत घालून घालून वृंदाचं तोंड दुखलं होतं. संपदाला उठवायला ती खाली वाकली, आणि काळ्या पाण्यात चेहरा चमकला. मान वर केली, चेहरा गायब. पुन्हा वाकली, पुन्हा हजर.

हात्तिच्या! तिने सरळ ट्यूबलाइट लावली. आता वाकूनही काही दिसेना. देव कोपेल म्हणून बुवा ओरडले. कोपू दे म्हणत तिने ट्यूबलाइट बंद केली, चित्र उचललं आणि उभ्या उभ्याच समईच्या उजेडात तिरपं धरून सगळीकडे फिरवलं. चेहरा सगळ्यांना दिसला, कुणीही न वाकता.

मग तिने मराठीत आणि मोडक्या जपानीत सांगितलं. छापलेला काळा भाग कोरलेल्या ठशावर ठेवून वरून घोटतात. घोटलेलं तेवढं चकाकतं, जास्त इस्त्री झालेल्या काळ्या पँटसारखं, आणि ते तिरप्या उजेडातच दिसतं. समुद्राच्या भुताचं तोंड चित्रकारानेच गंमत म्हणून तसं लपवलेलं. वाकायची सवय आपल्यालाही आणि इथल्यांनाही. बुवांनी ती बरोबर हेरली.

"दोन डोळे नि एक तोंड आहे नुसतं. ज्याला जो हवा तो त्यात दिसतो. रडा, नमस्कारही करा. पण दिसलं ते कसं दिसलं, एवढं उठून बघत जा."

संपदाने चित्र स्वतःच्या हातात घेतलं. तिरपं केलं, सरळ केलं, परत तिरपं केलं.

"म्हणजे राजस नाहीये यात."

"नाहीये गं." वृंदाला फार वाईट वाटलं.

"मग आर्याला काय सांगू?"

"खरं सांग. पण फोनवर नको, तिच्यासमोर बसून सांग."