भाऊजी, आवरलं का?

मी सर्व्हर बंद करणारी स्क्रिप्ट बोलतेय. दचकू नका. मी एक साधी फाइल आहे, संगणकाने एकामागून एक काय करायचं ते लिहून ठेवलेली. अंगाने इतकी किडकिडीत, की उघडली तर खाली सरकवावंही लागत नाही.

ज्याला मी बंद करते तो सर्व्हरही एक प्रोग्रामच. आतल्या खोलीत मंद आचेवर ठेवलेल्या दुधासारखा पडद्यामागे चालू असतो. दिसत नाही, पण बिनसलं की सगळं घर धावतं. आमच्या कचेरीतून ऑनलाइन परीक्षा चालतात. परीक्षार्थी घरी बसून पेपर लिहितात आणि हा एकेक पेपर घेऊन जपून ठेवतो. मी त्याला भाऊजी म्हणते. सदा कामात, आणि हाक मारली की "आलोच, वहिनी!" म्हणायचं नि जागचं हलायचं नाही. दुसरं काय म्हणणार?

माझ्याआधी इथे नुसती एक ओळ होती. प्रोग्राम सुरू झाला की संगणक त्याला एक नंबर देतो; भाऊजींचा नंबर एका चिठ्ठीवर उतरवला जाई. बंद करायचं तर ती ओळ चिठ्ठी वाचायची आणि त्या नंबरावर घाव घालायची. एकदा वीज गेली. आल्यावर भाऊजींना कुणीतरी घाईघाईत हातानेच सुरू केलं. त्यांना नवा नंबर मिळाला आणि चिठ्ठी जुनीच राहिली. तो जुना नंबर आता छपाईच्या प्रोग्रामला मिळाला होता. ओळीने ना नाव विचारलं, ना गाव. प्रवेशपत्रं अर्धवट छापून प्रिंटर गप्प, आणि भाऊजी ठणठणीत! चोर सोडून संन्याशाला फाशी. अर्थात आमचे भाऊजीही चोर नव्हेत.

मग ताईने मला लिहायला घेतलं. ताई म्हणजे इथली प्रोग्रामर. साहेबही तिला ताईच म्हणतात. ती डबा खात होती आणि साहेब सारखे हाका मारत होते.

"आले साहेब, एवढा घास खाऊन येते."

"घास कसला खाताय, इकडे आग लागलीय!"

"आग नाही साहेब, तुमचा माऊस बंद पडलाय. आणि जेवत्या माणसाला ताटावरून उठवू नये."

एवढं बोलून ती क्षणभर पडद्याकडे बघत राहिली, आणि त्याच उष्ट्या हाताने तिने माझ्यात थांबण्याच्या ओळी लिहिल्या. कीबोर्डला लोणच्याचं तेल लागलं ते लागलंच.

तेव्हापासून मी हे व्रत घेतलंय. चिठ्ठीवरचा नंबर खरंच भाऊजींचाच आहे ना, हे आधी पारखायचं. मग हळूच निरोप द्यायचा: नवीन काम घेऊ नका, हातातलं संपवा आणि निघा. हुकमाचं नाव 'किल', म्हणजे 'ठार मार', आहे खरं, पण नावावर जाऊ नका. आमच्यात निरोपही त्याच नावाने जातो. मग थांबायचं. मधूनमधून डोकावून विचारायचं, "भाऊजी, आवरलं का?" पुष्कळ थांबूनही ते हलले नाहीत, तर माझ्या शेवटच्या ओळीत कठोर हुकूम आहे. त्याने हातातलं काम जागीच सांडतं. ती ओळ कधी चालवावी लागू नये, अशी मी देवाला रोज विनवणी करते. ताईलाही धाकधूक असावी, कारण त्या ओळीआधी तिने मला एक प्रश्न विचारायला लावलाय: 'अजून थांबू? हो की नाही?'

आणि एका दुपारी तो प्रश्न विचारायची पाळी आली.

त्या दिवशी रुग्णसेविकांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा होती. ताईची मावशी पेपर देत होती. सासूसासऱ्यांची शुश्रूषा करण्यात तिचं वय सरलं होतं. आता तेच काम तिला पगारावर करायचं होतं. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची संधी.

परीक्षेची वेळ संपली आणि साहेबांनी लगेच मला चालवलं. वेळ संपली म्हणजे परीक्षा संपली, असा त्यांचा हिशेब. समोर एका शाळेच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांना परीक्षेचं नवं रूप दाखवायचं होतं आणि त्यासाठी जुने भाऊजी बंद व्हायला हवे होते. पण सगळं जग पेपर शेवटच्या क्षणालाच पाठवतं, हे साहेबांना कोण सांगणार?

मी निरोप दिला. भाऊजींनी एकेक पेपर आत ठेवला. शेवटी म्हणाले, "वहिनी, एक राहिलाय. फार हळू येतोय."

मी थांबले. साहेब टेबलावर बोटं वाजवू लागले. "ताई, मी बंद करायला सांगितलं होतं, मनधरणी करायला नाही!"

माझं थांबणं संपलं. मी प्रश्न विचारला. साहेबांचं बोट 'नाही'वर गेलं, आणि मला माझी शेवटची ओळ समोर दिसू लागली. देवा, सांभाळ.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. तिने तो टेबलावरच मोठ्या आवाजात लावला.

"अगं, सारखं गोल गोल फिरतंय गं. मी काही दाबू का?"

"काही दाबू नकोस, मावशी! हात मांडीवर ठेव."

"सगळी उत्तरं लिहिलीत गं. शेवटचं तर दोनदा लिहिलं."

साहेबांचं बोट हवेतच राहिलं. "दोनदा का?"

"पहिल्यांदा अक्षर बरं नव्हतं आलं. म्हणून पुसून पुन्हा टाइप केलं."

मुख्याध्यापिका खुदकन हसल्या. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या हाताने 'हो' दाबलं. मी पुन्हा विचारलं, पुन्हा 'हो'. मग फोनकडे वाकून म्हणाले, "मावशी, सावकाश होऊ द्या. इकडे आम्ही अगदी निवांत आहोत." कपाळावरचा घाम मात्र पुसत होते.

आणि भाऊजी म्हणाले, "आला, वहिनी. नीट ठेवला. निघतो." ते आपल्या पायांनी गेले.

निकाल माझ्या फोल्डरमध्ये येत नाही. पण मध्ये एकदा ताई फोनवर म्हणत होती, "मावशी, गणवेशाची बाही लांब असेल तर आतून दुमडून शिव." मी काय ते समजले.

हल्ली ऐकते, नवी व्यवस्था येणार, माझ्यासारखीची गरज उरणार नाही. येऊ दे. तिथेही थांबणारं कुणी असलं म्हणजे झालं. तुम्हाला मात्र हात जोडून सांगते: दुकानाचं शटर ओढायचं असो की एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं थांबवायचं असो, आधी विचारा, काही राहिलंय का?

माझंही काम संपलं की मी संपते. निघताना एक आकडा सांगायची आमच्यात रीत आहे. माणसांना शून्य मिळालं की रडू येतं. आम्ही शून्य सांगितलं, की मागे काही मोडलं नाही असं समजायचं.

शून्य. येते.