गळ्यातला कॅमेरा

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. त्या वर्षी माझ्या धाकट्या दिरांना अचानक वडिलांचा अभिमान वाटू लागला. वडील, म्हणजे माझे सासरे, जिवंत असताना भाऊजी त्यांच्याशी दोन वाक्यं धड बोलत नसत. सासरे गेले, वाटणीत त्यांच्या लष्करी फोटोंची पेटी भाऊजींकडे गेली, आणि पेटीबरोबर प्रेमही आलं.

सासरे दुसऱ्या महायुद्धात होते हे खरं. छावणीच्या कोठारात गणवेश आणि घोंगड्या वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. पण पेटीतल्या प्रत्येक फोटोत त्यांच्या गळ्यात कॅमेरा. तंबूसमोर कॅमेरा, ट्रकच्या टपावर कॅमेरा, दाढी करतानाही कॅमेरा. भाऊजी विमा कंपनीत अधिकारी. त्यांनी ठरवून टाकलं की बाबा युद्धाचे छायाचित्रकार होते. शहरातल्या संग्रहालयानं प्रदर्शनासाठी एक दालन दिलं आणि पत्रिका छापायला गेल्या: 'एका सैनिकाच्या नजरेतून'.

"घोंगड्यांच्या नजरेतून म्हणा," मी आमच्या ह्यांना म्हटलं. ह्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. धाकट्या भावाचा विषय निघाला की ह्यांचा कणा रजेवर जाई.

कॅमेरा कोणता हे ओळखायला भाऊजींनी एक दातांचे डॉक्टर आणले. त्यांना जुन्या कॅमेऱ्यांचा नाद. रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर फोटो पसरले गेले. डॉक्टर भिंग घेऊन एकेका फोटोत असे वाकायचे, जणू सासऱ्यांची दाढच किडली होती.

"घडीचा कॅमेरा आहे. हा पुढे आलेला काळा भाता बघा. आणि झाकणाची ही बिजागरी! युद्धाच्या आधीचं मॉडेल, पैज लावतो."

"भारीतलं?" भाऊजींनी श्वास रोखून विचारलं.

"उत्तम."

"बघा वहिनी, बाबांची निवड!"

टेबलाच्या टोकाला सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. युद्धाच्या काळात त्या त्याच छावणीच्या इस्पितळात परिचारिका होत्या, सासऱ्यांची ओळखही तिथलीच. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. त्या दिवशीही त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही.

मी चहाचे कप ठेवता ठेवता म्हटलं, "भाऊजी, कॅमेरा मामंजींच्या गळ्यात. मग फोटो काढला कशानं?"

भिंग हवेतच थांबलं.

"सेल्फ टायमर, वहिनी. तुम्हाला नाही कळायचं."

"तो त्याच कॅमेऱ्याला असतो हो," डॉक्टर पुटपुटले. मग त्यांनी पहिल्यांदाच फोटोतली वस्तू सोडून फोटोकडे पाहिलं. "अरे, हे सगळे चौरस आहेत. घडीच्या या कॅमेऱ्याचा फोटो लांबट येतो. हे पोटाशी धरायच्या पेटी कॅमेऱ्याचे. म्हणून तर माणसं जरा खालून दिसतात."

"मग असेल कुणीतरी शिपाई, बटण दाबणारा."

"शिपाई नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "मी होते."

मटार सोलणं थांबलं नव्हतं.

"पेटी कॅमेरा माझा होता, मोठ्या बहिणीनं दिलेला. हे सगळे मी काढलेत, लग्नाच्या आधी."

"आणि बाबांच्या गळ्यातला?"

"तो बिघडलेला होता रे. कुणीतरी टाकून दिलेला. मी म्हणायची, काढा तो गळ्यातून. तर म्हणायचे, मग माझ्याकडे बघेल कोण?"

मला हसू आवरेना. ह्यांचं वर्तमानपत्रही हललं.

सासूबाईंनी पदराला हात पुसले. "फोटोंखाली माझं नाव घाल. लग्नाआधीचे आहेत, तेव्हा माहेरचं घाल. एवढंच कर." धाकट्या मुलाकडे त्यांनी काही मागितल्याचं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

"आई, पत्रिका छापून झाल्यात गं."

"दुसऱ्या छाप."

"हे बघ, बटण तू दाबलं असशील, मी कुठं नाही म्हणतोय? पण कुठं उभं राहायचं, काय घ्यायचं, ते बाबांनीच सांगितलं असणार ना!"

"ते दाढी करत होते," सासूबाई म्हणाल्या.

पण भाऊजी फोटो गोळा करू लागले होते. डॉक्टरांनी मान खाली घालून आणखी एक बिस्कीट उचललं. जाणकार माणूस! बिजागरीसाठी पैज लावील, पण बाईची बाजू घ्यायची वेळ आली की तोंडात बिस्कीट.

आठवड्याभरानं भाऊजी धापा टाकत आले. संग्रहालयाला भिंतीएवढ्या प्रती हव्या होत्या, त्यासाठी निगेटिव्ह लागणार होत्या, आणि पेटीत एकही नव्हती.

"आई, निगेटिव्ह कुठायत?"

"ज्यानं फोटो काढले त्याच्याकडे असतील."

"बाबांच्या कपाटात नाहीत. माळ्यावरही नाहीत."

"मग नीट आठव, कुणी काढले ते."

भाऊजींना एकच शब्द बोलायचा होता, 'तू'. तेवढा सोडून ते बाकी सगळं बोलले. शेवटी म्हणाले, "आई, घराण्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे!"

"हो ना. माझ्या माहेरच्या घराण्याच्या."

भाऊजी रिकाम्या हातानं उठले. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि भावासाठी दार उघडून धरलं. आमच्या ह्यांच्या शौर्याची धाव तेवढीच.

प्रदर्शन झालं. एवढ्या मोठ्या भिंतींवर तळहाताएवढे फोटो. लोक नाक लावून बघत होते. मधोमध काचेत एक कॅमेरा होता, भाऊजींनी जुन्या बाजारातून विकत आणलेला, आणि खाली पाटी: 'याच कॅमेऱ्याने टिपलेले क्षण'. भाऊजींनी भाषणात दोनदा चष्मा काढून डोळे पुसले. सासूबाई गेल्याच नाहीत.

डॉक्टरांनी पुढे छंदिष्टांच्या मासिकात त्या बिघडलेल्या कॅमेऱ्यावर लांबलचक लेख लिहिला. छायाचित्रकार: अज्ञात. आमचे हे अखेरपर्यंत आई आणि भाऊ दोघांशी गोड राहिले, आणि झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. सासूबाईंनी निगेटिव्ह परिचारिकांच्या संघटनेला दिल्या. त्या बायकांनी सभागृहात मोठमोठे फोटो लावले, खाली सासूबाईंचं माहेरचं नाव. सासूबाई स्वतः बघायला गेल्या, एक चौकट तिरकी लागलीय म्हणून कुरकुरल्या, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. भाऊजींनी स्वतःच्या पंचाहत्तरीला स्वखर्चानं वडिलांवर पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर दाढी करणारे सासरे, जरा धूसर. शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, बारीक अक्षरात एक ओळ आहे: 'मातोश्रींचे सहकार्य लाभले.'