बाद खेळाडूची मतं

प्रत्येक सामन्यातल्या उत्तम खेळाडूंना पंचांनी दिलेली आणि हंगामभर लिफाफ्यात बंद ठेवलेली मतं क्लबच्या हॉलमध्ये सामन्यामागून सामना वाचली जात होती. मर्व्ह टलक मागच्या बाकावर मान खाली घालून ऐकत होता. सर्वोत्तम आणि सभ्य खेळाडूचं पदक आपल्या मुलाला, ब्रोडीलाच मिळणार, अशी पैज त्यानं मे महिन्यातच पबमधल्या बुकीकडे लावली होती. त्यासाठी त्यानं दिवंगत बायकोची लाडकी घोडी विकली होती. ब्रोडीला सांगितलं, घोडी मेली, ओढ्याकाठी पुरली.

"टलक, तीन मतं," सेक्रेटरीनं पुन्हा वाचलं. ब्रोडी सगळ्यांच्या पुढे होता, पण पदक दुसऱ्याचं होतं. शेवटच्या सामन्यात त्यानं एकाचा जबडा फोडला आणि त्याच्यावर बंदी आली. बंदी आलेल्याची मतं वाचतात, पदक देत नाहीत.

"एवढं सोशिक पोर," मर्व्ह पुटपुटला, "हात उचलायचं काय नडलं होतं?"

"तुला ठाऊक नाही होय रे, म्हाताऱ्या?" शेजारचा आयव्हर हळूच म्हणाला. "जबडा फुटला त्या पोरानंच डिवचलं ब्रोडीला. म्हणाला, तुझ्या बापानं आईची घोडी विकून तुझ्यावर पैज लावलीय."

मतं संपली, टाळ्या दुसऱ्यासाठी वाजल्या. ब्रोडी सावकाश मागच्या बाकापाशी आला. बापाकडे न बघताच त्यानं खुंटीवरचा कोट काढला.

"बाबा, मी दर रविवारी ओढ्यावर फुलं घेऊन जायचो," एवढंच बोलून तो निघून गेला.