करंगळीचं नख

“गेलं,” मेमुनाभाभी म्हणाली आणि डाव्या करंगळीकडे बघत बसली.

तिच्या मांडीवर तस्लीमची चंद्रोखणी पसरलेली होती. आम्हा कच्छच्या खत्र्यांची नवरी निकाहाला हीच बांधणीची ओढणी घेते. मधोमध चंद्र, भोवती बाग, आणि सगळं बारीक ठिपक्यांनी भरलेलं. एकेका ठिपक्यासाठी कापड खालून नखाच्या टोकानं उचलायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे, गाठ आवळायची. भाभीचं ते नख सगळ्या मांडवीत प्रसिद्ध होतं. कणीक मळतानासुद्धा तिची करंगळी एकटी वर उभी असायची. आता ते नख पापडाच्या तुकड्यासारखं ओढणीवर पडलं होतं.

“पुन्हा?” मी विचारलं.

“पुन्हा. मेलं जरा वाढतं, की फाटतं.”

“माझं पत्र्याचं घे. डब्यात आणखी एक आहे.”

“तुझं पत्र्याचं तुलाच लखलाभ, हुरबाई! माझ्या लेकीच्या डोक्यावर डाळीएवढे ठिपके नकोत मला.”

मी तिची नणंद, भिंतीला भिंत लावून राहते. माझी नखं पहिल्यापासून लेचीपेची, म्हणून मी करंगळीत टोकदार पत्र्याची अंगठी घालून बांधते. भाभी लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्यावरून मला टोमणे मारते. मनाला लावून घेतलं असतं तर मधल्या भिंतीतलं दार आम्ही केव्हाच बुजवलं असतं.

पण त्या दिवशी मलाही हसू आलं नाही. आमच्या घराण्यात मुलीची चंद्रोखणी आईनं एकटीनं बांधायची असते. बाईचा हात बदलला की गाठ बदलते, आणि रंगल्यावर ते लपवू म्हटलं तरी लपत नाही. बाग बांधून झाली होती. चंद्र तेवढा बाकी होता, आणि लग्न थंडीत.

तेवढ्यात झुलेखा आली. तिचा मुलगा मस्कतला औषधांच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे गल्लीतली निम्मी दुखणी ती स्वतःच बघते. तिनं चोळीतून बाटली काढली.

“चाळिशी उलटली की बाईचं अंग पोकळ होतं, मेमुना. पाळी जायच्या बेतात आली की गोळ्या लागतातच. माझा हनीफ सांगतो, तिकडे सगळ्या बायका घेतात. केस, कातडी, नखं, सगळं एकाच गोळीत!”

“आपल्या आयांनी कुठं घेतल्या होत्या?” मी म्हटलं.

“म्हणून तर पन्नाशीत वाकल्या!”

“हनीफला काय जातंय? मस्कतमधून शेळ्या हाकतोय.”

“तू गप गं,” भाभी मला म्हणाली आणि बाटली घेतली.

बाटली संपली. नख काही टिकलं नाही. उलट भाभी जिना चढताना मध्येच टेकायला लागली. विचारलं, की म्हणायची, “वयाचं आहे. तुलाही होईल, तेव्हा कळेल.”

मला कळलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. तिच्या ओट्यावर खुंटीला नमाजाची चटई असते. पाळीच्या दिवसांत आम्ही नमाज पढत नाही, तेव्हा चटई खुंटीवरच राहते, घरातल्या बायका बघतात आणि बोलत नाहीत. भाभीची चटई दोन जुमे, म्हणजे दोन शुक्रवार गेले, तरी तशीच लटकलेली होती. तिच्यावर धूळ बसलेली बघितली आणि मी भाभीला गाठलं.

“किती दिवस अंगावरून जातंय?”

“जाऊ दे ना.”

“भाभी, किती दिवस?”

“एक संपतं न संपतं, तोवर दुसरं सुरू होतं,” ती हलकेच म्हणाली. “आणि कमी नाही जात. लेकीचं लग्न तोंडावर. आता कुणाला सांगत बसू?”

मला तिचा संताप आला आणि रडूही आलं. दुसऱ्या दिवशी तिला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात दक्षाबेन डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं.

त्यांनी तपासलं, रक्त काढलं, पोटाचा फोटो काढायला लावला. वाईट काही निघालं नाही. पाळी जायच्या आधी काहींची अशी वाहते, म्हणाल्या. पण अंगात रक्त फार कमी होतं. नखं त्यानंच फाटत असावीत.

“आणि बेन, हे?” भाभीनं पिशवीतून रिकामी बाटली काढली. “या वयात घ्यावंच लागतं ना?”

“वय झालं म्हणून कुणालाच घ्यावं लागत नाही. धड खाणारी बाई गोळ्यांवाचूनही हा काळ काढते. जे कमी असेल ते तपासून द्यायचं. तुमचं लोह कमी आहे, आणि या बाटलीत ते नावालाच आहे.”

“म्हणजे माझ्यासाठी गोळी आहेच?”

“तुमच्यासाठी आहे. शेजारणीला वाटत सुटू नका.”

रक्त थांबवायचं औषध लागू पडलं आणि खुंटीवरची चटई खाली आली. लोहाची गोळी मात्र भाभी एक दिवस न चुकवता घेत होती, तरी जिन्यात टेकणं चालूच होतं. पुढच्या खेपेला दक्षाबेननी कागद दोनदा बघितला.

“रक्त वाढायला हवं होतं. गोळी कशाबरोबर घेता?”

“चहाबरोबर.” भाभीला प्रश्नच कळला नाही. “अजून कशाबरोबर घेणार?”

दक्षाबेननी कपाळाला हात लावला. “मेमुनाबेन, चहा लोह अंगी लागू देत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आधीही नको, नंतरही तासदोन तास नको.”

कच्छात माणूस उठतो चहानं आणि निजतो चहानं. पाहुण्याला पाणी विचारायचं राहील, पण चहाची बशी चुकणार नाही. त्याच दवाखान्याच्या दाराशीसुद्धा आम्ही दोघी अर्धा-अर्धा मारूनच आत गेलो होतो. एवढे दिवस भाभी एका हातानं घेत होती आणि दुसऱ्या हातानं सांडत होती.

“आता नख कधी येईल?” तिनं विचारलं.

“येईल. पण नवं नख पुरतं यायला काही महिने लागतील.”

रंगारी ओढणी मागत होता. त्या आठवड्यात चंद्र बांधला नाही, तर तस्लीम बाजारातली ओढणी घेऊन सासरी जाणार होती.

दुपारी मधलं दार वाजलं. ते दार कधी कुणी वाजवत नाही, ढकलतात.

“डब्यात आणखी एक आहे म्हणाली होतीस,” भाभी म्हणाली.

मी अंगठी काढून दिली. टोमणा जिभेवर आला होता. तिचं तोंड बघितलं आणि गिळून टाकला. तिनं ती करंगळीत घातली, चार गाठी मारल्या, उसवल्या, पुन्हा मारल्या.

“कशी गं बांधतेस तू यानं? कापड कळतच नाही बोटाला.”

“नाहीच कळत. डोळ्यांनी बांधायचं.”

“इतकी वर्षं?”

“इतकी वर्षं.”

तिनं अंगठी करंगळीत घट्ट बसवली. चंद्र तिनं माझ्या ओट्यावर, माझ्या शेजारी बसून पुरा केला.

निकाहाच्या आदल्या दिवशी व्याह्यांकडच्या बायका आल्या. ओढणी रंगून आली होती, गाठी अजून तशाच होत्या. पाहुण्यांसमोरच त्या सोडायच्या असतात. एक टोक मी धरलं, एक विहीणबाई मरियमबाईंनी, आणि दोघींनी ताणलं. गाठी तडतडत सुटल्या आणि लाल जमिनीवर बाग उघडली. ठिपके मोहरीच्या दाण्याएवढे. बायका ‘माशाल्ला’ म्हणाल्या. मग चंद्र उघडला.

मरियमबाई बांधणाऱ्या घरच्याच. त्या वाकल्या. चंद्राचे ठिपके बागेपेक्षा मोठे होते.

“चंद्राला दुसरीचा हात लागलाय का?” त्यांनी विचारलं. आवाज वाईट नव्हता, पण खोलीतल्या सगळ्या बायकांनी मान वर केली. तस्लीम खाली बघत होती.

“हात माझाच आहे,” भाभी म्हणाली. “नख माझ्या नणंदेचं. माझं तुटलं.” आणि तुटकं नख असलेली करंगळी तिनं सगळ्यांसमोर धरली.

मरियमबाईंनी ती करंगळी बघितली, मग आपली डावी मूठ उघडली. त्यांच्या करंगळीतही पत्र्याची अंगठी होती. “माझं गेल्या वर्षी गेलं,” त्या म्हणाल्या आणि ओढणी तस्लीमच्या डोक्यावर घातली.

माझ्या हातातलं टोक सुटलं. डोळे पुसायला मला दुसरं काही मिळालं नाही, पदरच घेतला.

मग चहा आला. सगळ्याजणी बश्या तोंडाला लावून फुरके मारायला लागल्या. भाभीची गोळी नुकतीच झाली होती. तिनं आपली बशी समोर ठेवली, तिच्यावर हात धरला आणि साय धरेपर्यंत लेकीकडे बघत बसून राहिली.